पाप कोणाचे?

जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांना प्रथम सुचले ते त्याच्या वेदनेविषयी नव्हे. हे कोणाच्या पापाचे फळ, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. योहानाच्या नवव्या अध्यायात प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला. आपण मात्र तो अजून जपून ठेवला आहे. मुलीच्या रक्तात थॅलेसेमियाचा दोष आढळला, की घरात कुजबुज सुरू होते: कोणाच्या घराण्यातून आले हे? आणि पाठोपाठ ताकीद येते: बाहेर बोलू नका, स्थळे यायची नाहीत.

वस्तुतः केवळ वाहक असणे हा आजार नव्हे. भारतात शंभरांत सुमारे ३ ते ४ जण वाहक आहेत. आई किंवा वडिलांकडून एक सदोष जनुक आलेला असतो; रक्त किंचित कमी राहते, पण आयुष्य इतरांसारखेच असते. तपासणीवाचून लोहाच्या गोळ्या घेत राहू नये आणि भावंडांचीही रक्ततपासणी करावी, एवढे पथ्य पुरे. जोडीदाराच्या रक्तात असा दोष नसेल, तर मुलांना गंभीर आजार होत नाही. दोघेही वाहक असल्यास मात्र प्रत्येक गर्भारपणात थॅलेसेमिया मेजरची शक्यता २५ टक्के असते. अशा बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि त्यामुळे शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी औषधेही.

जनुक कोणी निवडत नाही. मौन मात्र आपण निवडतो. ज्याच्याशी आयुष्यभराची शपथ घ्यायची, त्याच्यापासून हे लपवणे अन्याय होय. पण सत्य सांगणाऱ्या मुलीलाच आपण नाकारणार असू, तर तिला सत्य बोल असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोठून?

सायप्रसमधील ऑर्थोडॉक्स मंडळीने १९८३ पासून विवाहापूर्वी तपासणीचा दाखला आवश्यक केला. तपासणी व समुपदेशन झाले, एवढेच त्यावर लिहिलेले असते. निकाल वधूवरांपाशी राहतो आणि निर्णयही त्यांचाच. दाखला सर्वांनाच लागत असल्याने कोणा एकीकडे बोट दाखवले जात नाही.

आपल्या पाळकांनी व वडीलजनांनीही विवाहेच्छू तरुणांना, वाङ्निश्चयाच्या पुष्कळ आधी, हीच विनंती करावी. आणि प्रथम आपल्याच मुलामुलींची तपासणी करून घ्यावी. ज्या मंडळीत सत्य बोलताना भय वाटत नाही, तेथे शिष्यांचा तो जुना प्रश्न कोणाला विचारावासा वाटणार नाही.