हार नसलेली फ्रेम

भातझोडणी चालली होती. उडवीतली पेंढी उचलताना सात वर्षांच्या पोराला लाल विंचू डसला. ठणका फारसा नव्हता, म्हणून वाडीतल्या जाणत्याने मंतरून 'उतरला' असं सांगितलं. रात्री पोराला घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. जीप मिळून तालुक्याला पोचेपर्यंत तोंडाला गुलाबी फेस आला होता.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, आमच्याच रायगड जिल्ह्यात वर्षानुवर्षं हेच कानीकपाळी ओरडत होते. या विषाने रक्तदाब भडकतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. रक्तदाबावरची प्राझोसिनची गोळी वेळेत पोटात गेली तर बहुतेक पोरं वाचतात. पण आमच्या वाडीत बावस्करांच्या आधी मांत्रिकाचं घर लागतं.

पोराच्या नावाने ग्रामीण रुग्णालयात मुलांसाठी चार खाटांची खोली करायची, असं वाडीच्या मुंबईतल्या मंडळाने ठरवलं. पावतीपुस्तक माझ्याकडे होतं. आंबेवाल्यांनी पेटीमागे दहा रुपये दिले. शिमग्याला आलेले चाकरमानी पालखी नाचवून घामाघूम झाले होते, त्यांना तिथेच गाठलं. एका आजीने पायलीभर तांदूळ माझ्या पुढ्यात ओतले. पावतीवर काय लिहू, कळेना. शेवटी 'एक पायली' असंच लिहिलं. हिशेब तपासणाऱ्याने नंतर मला फार छळलं.

खोली झाली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मुंबईहून पोराच्या फोटोची कमरेएवढी फ्रेम आली, चंदनाच्या हारासकट. मंडळाच्या अण्णांनी खिळा ठोकून घेतला आणि पोराच्या आईला बघायला बोलावलं. ती बराच वेळ खाटांकडेच बघत राहिली.

"अण्णा, हार घातलेल्या पोराखाली कुठली आय आपलं पोर निजवील?"

अण्णा गडबडले. "अगं, पण मग त्याचं नाव कसं राहणार?"

"फ्रेम माझ्याकडे द्या. उद्या सकाळी आणून देते."

सकाळी फ्रेम आली ती हाराविना. आत शाळेतल्या गुरुजींच्या अक्षरातला कागद होता. वर लाल रंगाचा विंचू, खाली मजकूर: 'ठणका कमी, पण अंगाला घाम, उलटी, हातपाय गार, असं असेल तर मंत्र नको, थेट इथे या. रात्रीसुद्धा.' मंडळातले दोघे रुसून नारळ फोडायला आले नाहीत. आले नाहीत तर आले नाहीत.

तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली, कागदावर बुरशी धरली. गुरुजींकडून नवा कागद लिहून घेतला आणि सिस्टर नि मी मिळून फ्रेम उघडली. जुना कागद ओढला तर त्याच्यामागून फोटो निघाला. शाळेचा गणवेश, तेल लावून चापून बसवलेला भांग.

"हा कोण?" सिस्टर नवीन होत्या.

मी सांगितलं. त्यांनी पदराने फोटो पुसला, होता तसाच आत ठेवला, त्यावर नवा कागद बसवला आणि काच लावली.

दोन नंबरच्या खाटेवर आदल्या रात्री आणलेलं विंचू डसलेलं पोर होतं. सलाईनचा हात तसाच ठेवून ते उठून बसलं, फ्रेमकडे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणालं, "काका, विंचवाला आठ पाय असतात. तुम्ही सातच काढलेत."