बुरूज आणि हिशेब
(लूक १४:२८-३०)

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने शिकविले. कॅनडातील माँट्रियल शहराने १९७६ साली ऑलिंपिक सामने भरविले, तेव्हा हाच दाखला जगापुढे उभा राहिला. सामन्यांत तोटा होणे अशक्यच, अशी ग्वाही महापौर झाँ द्रापो यांनी दिली होती. पण सामने सुरू झाले तेव्हा क्रीडांगणाचा उंच बुरूज अर्धवटच होता; तो पुरा झाला १९८७ साली. कर्ज फिटले २००६ साली, तेही बरेचसे तंबाखूवरील कराच्या पैशातून. सामन्यांच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर तीस वर्षांचे झाले होते!

आपण त्या शहराला हसू नये. मंदिराचा जीर्णोद्धार किंवा ज्युबिली ठरविताना मंडळीच्या सभेत आपणही उत्साहाच्या भरात हात वर करतो आणि कोणी हिशेब विचारलाच, तर त्याला अल्पविश्वासी म्हणतो. हिशेब विचारणे हा अविश्वास नव्हे. विश्वासू कारभाऱ्याचे ते कर्तव्यच आहे. शब्बाथ शाळेतील मुलांना त्या सभेत मत नसते. त्यांच्या माथी आपण काय ठेवून जाणार, हे कोनशिला बसविण्याआधी प्रभूसमोर बसून आपण स्वतःला विचारू या.