सात रात्री थोड्या पडतील

चि. सई हिस,


तू जाणार आहेस त्या हिमालयातल्या आरोग्यधामाचं पत्रक तुझ्या आईने छापून माझ्या हातात दिलं आणि मी ते सकाळच्या उन्हात बसून सावकाश वाचून काढलं. सात रात्रींचा मुक्काम, पहाटे योग, न्याहारीनंतर अभ्यंग, दुपारी पंचकर्म, संध्याकाळी ध्यान, मध्येच कुणा मार्गदर्शकाबरोबर आयुष्याची दिशा ठरवण्याच्या बैठका, आणि रविवारी रात्रीच्या विमानाने बंगळूरला परत, कारण सोमवारी सकाळी ऑफिस. पैशाचा आकडाही पाहिला. त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही, बाळा. पहिल्या पगारापासून तू पै-पै बाजूला टाकतेस, धाकट्याची फी भरून उरेल त्यातूनच स्वतःचं पाहतेस, हे का मला ठाऊक नाही? अशा मुलीने कधीतरी स्वतःच्या देहामनासाठी चार पैसे मोकळ्या हाताने खर्च केले तर मला आनंदच आहे. मला काळजी लागून राहिली आहे ती त्या सात रात्रींची.

अशा ठिकाणी जाऊन राहण्याची रीत तशी जुनी. अमेरिकेच्या सीमेला लागून मेक्सिकोत टेकाटे म्हणून गाव आहे, तिथे एडमंड आणि डेबोरा सेकेली या जोडप्याने १९४० मध्ये ‘रांचो ला पुएर्ता’ सुरू केलं, तेव्हा आठवड्याचे साडेसतरा डॉलर घेत आणि येणाऱ्याने आपला तंबू आपणच आणायचा असे. आज त्याच जागी आठवडाभर राहायला हजारो डॉलर पडतात. आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी उरुळी कांचनला राहिले, गावातल्या गोरगरिबांवर नैसर्गिक उपचार केले, आणि पुढे मणिभाई देसाईंनी तिथला निसर्गोपचार आश्रम आयुष्यभर सांभाळला. मग आली ती आलिशान ठिकाणं: १९९५ मध्ये थायलंडच्या हुआ हिनला चिवा-सोम, २००० मध्ये ऋषिकेशच्या वर नरेंद्रनगरला टिहरीच्या महाराजांच्या राजवाड्याच्या आवारात ‘आनंदा’, आणि अलीकडे तर आपल्या मुळशीलाही आत्मन्तन. यांना मी नावं ठेवणार नाही. तिथले अभ्यंग करणारे हात शिकलेले असतात, जेवण बेताचं नि ताजं असतं, आणि मुख्य म्हणजे दिवसभराचा सगळा भार दुसऱ्या कुणीतरी उचललेला असतो, माहेरी आलेल्या लेकीला आई काडी उचलू देत नाही ना, तसा. तुझ्यासारख्या सतत धावणाऱ्या मुलीला ते हवंसं वाटलं तर त्यात काय नवल?

पण पंचकर्म हा माझ्या उभ्या आयुष्याचा विषय, म्हणून त्याबद्दल थोडं बोलू दे. त्यातलं विरेचन म्हटलं की लोकांना तो एक दिवस दिसतो, ज्या दिवशी औषध घ्यायचं आणि कोठा साफ व्हायचा. पण तो दिवस सगळ्या उपचारातला सर्वांत छोटा भाग असतो. आधी दोन-तीन दिवस पाचन, मग तीन ते सात दिवस स्नेहपान. सकाळी उपाशीपोटी सिद्ध तूप, पहिल्या दिवशी थोडं, मग रोज वाढत्या मात्रेने, वरून गरम पाण्याचे घोट, आणि मग वाट पाहायची. तूप पचल्याची शुद्ध ढेकर येईपर्यंत, खरीखुरी भूक लागेपर्यंत पेशंटने ओटीवर बसून राहायचं. मी कितीतरी माणसं तशी बसलेली पाहिली आहेत. पहिल्या दिवशी घड्याळाकडे बघतात, दुसऱ्या दिवशी मला विचारतात, “वैद्यबुवा, अजून किती?”, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचारायचंच सोडून देतात, अंगणातल्या पारिजातकाकडे बघत बसतात. त्यानंतर तीन दिवस अंगाला तेल नि शेक, आणि मग कुठे विरेचनाचा दिवस.

आणि खरी परीक्षा तर त्याच्यापुढे आहे, सई. अग्नी मंद झालेला असतो, म्हणून पहिल्यांदा नुसती पेया, म्हणजे भाताची पातळ पेज, मग जरा दाट विलेपी, मग मुगाचं साधं कढण, मग फोडणीचं, असं एकेक पायरी चढत तीन, पाच किंवा सात दिवसांनी नेहमीच्या जेवणावर यायचं. याला संसर्जन क्रम म्हणतात. सगळं मिळून दोन ते तीन आठवडे होतात, त्यातला औषधाचा दिवस एकच. शिवाय या काळात काय टाळावं याची चरकसंहितेत यादीच आहे: मोठ्याने नि फार बोलणं, वाहनाचे हादरे, फार चालणं, एका जागी फार वेळ बसणं, अपचन, चुकीचं खाणं, दिवसा झोपणं, मैथुन. तुझा रविवार-सोमवार आठव आणि तूच ताडून बघ. विमान, टॅक्सी, सकाळपासून मीटिंग, खुर्चीवर आठ तास, आणि कँटीनमध्ये मिळेल ते. शरीर नुकतं रिकामं केलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला या सगळ्यात लोटलं, तर ते बिचारं काय करील?

मनाचंही असंच आहे. इगतपुरीला धम्मगिरीवर १९७६ पासून गोएंका गुरुजींच्या पद्धतीने विपश्यनेची शिबिरं चालतात. पहाटे चारला घंटा, फोन जमा, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, आणि फी म्हणून एक पैसा घेत नाहीत, आधी शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. पण पूर्ण दहा दिवस राहायची तयारी असेल तरच या, असं ते आधी सांगून ठेवतात. मला ही अट फार आवडते. माणसाला खर्चाची सूट दिली, दिवसांची दिली नाही. तुझ्या पत्रकात मात्र एका दुपारच्या बैठकीत जुन्या दुःखांचा निचरा आणि दुसऱ्या दुपारी पुढच्या आयुष्याचा संकल्प असं छापलंय, ते वाचून माझा जीव थोडा कासावीस झाला. एवढी घाई कशाला गं? तुझं वय ते काय, आणि तू मुळातच चांगली आहेस, तुला एका आठवड्यात दुसरी कुणी होऊन परत यायचं नाहीये.

तिथे पहाटे साडेपाचला उठवतील ते तुला आवडेल, लहानपणी सुट्टीत इथे वाईला यायचीस तेव्हा माझ्याआधी उठून घाटावर जायला तयार असायचीस. ती सवय जायच्या आधीच बंगळूरला पुन्हा लाव. उठल्यावर तासभर फोन हातात घेऊ नकोस, रात्रीचं जेवण लवकर आटप, कोमट पाणी पी, गॅलरीत नुसती बसून राहा. यातलं काही विकत घ्यावं लागत नाही, आणि तयार शरीराने गेलीस तर तिथल्या उपचारांचाही दुप्पट उपयोग होईल. जमलंच तर रजा वाढवून घे. कामाच्या ठिकाणी तुझा शब्द मोडणार नाहीत. मोठी रजा मिळत नसेल तर हा बेत दिवाळीनंतर ठेव, भरलेल्या पैशातले थोडे बुडाले तरी वाईट वाटून घेऊ नकोस.

आणि सातच दिवसांसाठी जाणार असशील तरीही आनंदाने जा, फक्त पोचल्याबरोबर तिथल्या वैद्यांना गाठून एवढंच विचार की माझ्याकडे सात दिवस आहेत, तर यात तुम्ही माझ्यावर काय काय करणार नाही? चांगला वैद्य असेल तर तो लगेच सांगेल की वमन-विरेचनाच्या वाटेला जायचं नाही, अंगाला तेल, शेक, शिरोधारा, हलकं जेवण आणि भरपूर झोप एवढंच करू. असं उत्तर मिळालं तर निर्धास्त राहा. नाही मिळालं, तर मला फोन कर, मी त्यांच्याशी बोलेन.

तुझे,
आजोबा