रिक्त जागा

मटेरियल्स सायन्सच्या एखाद्या विभागाची जाहिरात निघते: पीएचडीसाठी संशोधक हवा, नेट किंवा गेट उत्तीर्ण, रिक्त जागा एक. ती वाचणारी मुलगी 37,000 रुपयांची फेलोशिप आणि खोलीचे भाडे यांचा मेळ घालू लागते, आणि तो घालायलाच हवा. साधनेला पोटाचे वावडे नसते. परंतु ज्या शास्त्राच्या दारात ती उभी आहे, त्याने रिक्त जागेचे केवढे चिंतन केले आहे, ते आपण निवांतपणे पाहू.

धातूचा स्फटिक म्हणजे अणूंची शिस्तबद्ध मांडणी. पण ती कधीच पुरती भरलेली नसते. जेथे उष्णता आहे तेथे काही जागा रिकाम्या राहणारच, हा निसर्गाचा नियम आहे. तांबे वितळण्याच्या बेतात येते तेव्हा दर 10,000 जागांमागे एकदोन ओस असतात, आणि धातू कितीही शुद्ध केला तरी ही उणीव जात नाही. ती जाऊही नये! दाटलेल्या दिंडीत पुढच्याने पाऊल उचलल्यावाचून मागच्याला ते टाकता येत नाही, तसाच अणू शेजारच्या रिकाम्या जागेत सरकतो, त्याची सुटलेली जागा दुसऱ्याला मिळते, आणि अणू पुढे जात असताना रिक्तता मागे मागे चालत राहते. दोन धातूंचे एकजीव होणे बहुधा या चालीवरच घडते.

हे सहजी मान्य झाले नाही. अणू जोडीजोडीने जागांची अदलाबदल करतात, अशी जाणत्यांची समजूत होती. डेट्रॉइटच्या वेन विद्यापीठात अर्नेस्ट कर्केंडॉल आणि त्यांची विद्यार्थिनी अ‍ॅलिस स्मिगेल्स्कस यांनी पितळेच्या कांबीवर मॉलिब्डेनमच्या बारीक तारा बसवल्या, वर तांब्याचा थर चढवला आणि ती 785 अंश सेल्सिअसला 56 दिवसांपर्यंत तापवली. अदलाबदल खरी असती तर तारा जागच्या जागी राहत्या. त्या आत सरकल्या; जस्त जितक्या वेगाने बाहेर गेले तितक्या वेगाने तांबे आत आले नव्हते. ती तफावत रिक्त जागांनी भरून काढली होती. भट्टी पेटती ठेवून काढलेल्या त्या दिवसांना मी श्रद्धा म्हणतो. तारेचे सरकणे सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याआधीची ती श्रद्धा.

अणूंची ही चाल माणसांतही दिसते. पोस्टडॉकला लोक अधांतरी म्हणतात. मला ते पटत नाही. दोनतीन वर्षांसाठी परक्या प्रयोगशाळेत जाणारा, आपली जुनी भट्टी नव्या विद्यार्थ्याच्या हाती देणारा हा माणूस हलतो, म्हणून विद्या हलते; मात्र त्याला पुढे जागा असली पाहिजे, आणि ती निर्माण करणे हे संस्थांचे काम आहे, त्याच्या वैराग्याचे नव्हे.

पुन्हा त्या तारांकडे वळू. कर्केंडॉल आणि स्मिगेल्स्कस यांचा त्या प्रयोगावरचा निबंध 1947 साली छापला गेला. त्याला कसून विरोध करणारे रॉबर्ट मेल हे नामांकित धातुशास्त्रज्ञ. पुढे त्यांच्याच हाताखाली ब्राझीलहून आलेल्या दा सिल्वा या विद्यार्थ्याने वेगवेगळ्या धातूंच्या जोड्या घेऊन प्रयोग केले, आणि 1951 साली दोघांच्या नावे निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तारा खरोखरच सरकतात.