श्रवणाचा मीटर

नवविधा भक्तीची यादी भागवतात प्रल्हादाच्या तोंडी येते. तिची सुरुवात कीर्तनाने होत नाही, श्रवणाने होते. गाणं नंतर, आधी ऐकणं. या पहिल्या भक्तीला आता रिक्षासारखा मीटर बसला आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक श्रवण रुजू झालं. पंचविसाव्या सेकंदाला बदललंत तर देवाच्या दरबारात काय नोंद होईल ती होवो, कंपनीच्या दप्तरी तुम्ही ते ऐकलेलंच नाही. टी-सिरीजने 2011 साली यूट्यूबवर टाकलेली, हरिहरन यांच्या आवाजातली हनुमान चालिसा तीन अब्जांचा आकडा केव्हाच ओलांडून गेली. एवढी भक्ती जमा होऊनही रस्त्यावर कुणी कुणाला आधी जाऊ देत नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण तो टोमणा झाला. प्रश्न असा, की हे जे मोजलं जातं आहे ते श्रवण आहे का?

‘भक्तीचा बाजार मांडला’ ही नेहमीची ओरड इथे कामाची नाही. पैसा भक्तिसंगीताच्या आसपास कायमच होता. कीर्तनकार बिदागी घेत आले. पैसे घेऊन कीर्तन करणाऱ्यांना तुकोबांनी झोडपलं, म्हणजे तेव्हाही ते होतेच. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमार यांनी स्वस्त कॅसेटींचा धडाका लावला, त्यामागेही काही वैराग्य नव्हतं. पण त्याच कॅसेटींच्या जमान्यात भीमसेन जोशींचे अभंग मैफलीचं तिकीट कधी न काढलेल्या घरांत पोचले. ज्या पंढरपुरात चोखोबांना देवळाच्या बाहेर राहावं लागलं, तिथला विठ्ठल टेपरेकॉर्डरमधून कुणाच्याही झोपडीत गेला. हे बाजारानेच केलं आणि ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. मात्र कॅसेट एकदा विकली की दुकानदाराचा संबंध संपायचा. तुम्ही ती रोज लावता की ट्रंकेत टाकता, हे त्याला ठाऊक नसे आणि त्याचं काही अडतही नसे. विकली जायची ती फीत. ऐकणं तुमच्याकडेच राहायचं. आता फीत जवळपास फुकट आहे आणि हिशेब ऐकण्याचाच होतो.

यावर जाणकार म्हणतील, मोजणी तर धर्मातच आहे. एकशे आठ मण्यांची माळ काय आहे मग? आक्षेप वजनदार आहे, पण त्यासाठी माळ नीट पाहायला हवी. परंपरेने जप करणारा माणूस हात गोमुखीत घालतो. ती कापडी पिशवी कशासाठी, तर मणी दुसऱ्याला दिसू नयेत म्हणून. आणि मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही. तिथून माळ उलटी फिरवायची. म्हणजे मोजायचं, पण मोजल्याचा बोभाटा करायचा नाही. प्लॅटफॉर्मवरचा आकडा नेमका दाखवण्यासाठीच असतो. त्याकडे पाहून जाहिरातदार येतो, आणि मारुतीरायाच्या शेजारी गुटख्याच्या भावंडांची, म्हणजे ‘वेलची’ची, जाहिरात बसायलाही हरकत नसते.

याहून अवघड आक्षेप अजामिळाचा. मरताना त्याने हाक मारली ती मुलाला. मुलाचं नाव नारायण निघालं आणि अजामिळ तरला. नकळत घेतलेलं नाव जर चालतं, तर किराणा दुकानात सकाळपासून कुणाच्याही कानावर न पडता वाजणारी चालिसा का चालू नये? भाव मोजायला कंपनीने यंत्र का बसवावं? तर्क बिनतोड वाटतो. पण अजामिळाच्या गोष्टीत भाव चुकीच्या पत्त्यावर गेला होता, माणूस गैरहजर नव्हता. हाक त्याच्याच घशातून, जिवाच्या आकांताने निघाली होती. आणि ऐकायला माणूस लागतो, हे खुद्द या धंद्यालाही मान्य करावं लागलं आहे. 2024 साली अमेरिकेत एका माणसावर आरोपपत्र दाखल झालं: त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेने लाखो गाणी बनवून घेतली आणि बॉट लावून ती अब्जावधी वेळा ‘ऐकवली’, त्यातून कोटीभर डॉलर मिळवले, असा आरोप. गाणारं यंत्र, ऐकणारंही यंत्र, तीस सेकंदांचा नियम तंतोतंत पाळलेला. तरी सरकारी वकिलांनी त्याला फसवणूक म्हटलं. का, तर पलीकडे कुणी नव्हतं. मग दुकानातल्या त्या रिकाम्या चालिसेपुढे कुणी होतं का, हे कंपनी विचारत नाही, कारण त्या उत्तरावर तिचाच महसूल अडकलेला आहे.

त्याच 2024 पासून स्पॉटिफायने आणखी एक दंडक घातला: मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला त्या ध्वनिमुद्रणापोटी छदामही नाही. एखाद्या गावच्या भजनी मंडळाने हौसेने अभंग टाकला आणि तो दोनशे वेळा वाजला, तर ती रक्कम त्यांच्या हाती येत नाही; जास्त वाजणाऱ्यांच्या वाटपात मिसळते. एकादशीला पहाटेपर्यंत टाळ कुटणाऱ्या त्या मंडळींना यातलं बहुधा काही ठाऊकही नसेल. मात्र त्यांचे दोनशे ऐकणारे बहुतेक एकमेकांना नावानिशी ओळखत असतील.