दोन तुकड्यांचा कमठा

लोकलमधून नेता यावा म्हणून मी कमठा दोन तुकड्यांचा केला. बांबूची सालीची बाजू निशाणाकडं ठेवायची, ताण ती सोसते. आतली बाजू कोयत्यानं, मग काचेच्या तुकड्यानं तासत जायची, दोन्ही टोकं सारखी वाकेपर्यंत. सांधा मुठीत, लोखंडी नळीत. मूठ वाकत नाही, म्हणून सांधा तिथंच टिकतो.

हे तासणं मला पनवेलकडच्या एका कातकरी म्हाताऱ्यानं शिकवलं. नळी बघून तो म्हणाला, “दादा, कमठा लपवायचा कशाला?” लपवत नाही, नेतोय, असं मी म्हटलं. पण त्याचं बोलणं डोक्यातून जाईना.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंधनं आली. ती हवीतच; जंगल उरलंय किती? पण त्याच्या खांद्यावर कमठा दिसला की तो शिकारी, आणि माझ्या पिशवीत निघाला की छंद! विद्या त्याची, आणि संशयही त्याच्याच वाट्याला.

1970 साली सिडको आली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यासाठी पुढं साडेबारा टक्क्यांची योजना निघाली. विद्येला सातबारा नसतो. तिचा मोबदला कोण मोजणार?

मी कमठा मोडून टाकला तर त्याच्या पदरात काय पडणार? काहीच नाही. म्हणून मला वाटतं, शिकवलं कुणी ते दर वेळी सांगावं, आणि सुताराला देतो तशी त्याला रोजाची मजुरी द्यावी. त्यानं ऋण फिटत नाही. पण शिकवणं हेही कामच, एवढं तरी कबूल होतं.