राखीव पॅराशूटची घडी

गेल्या वर्षी आमची मुलगी अठरा वर्षांची झाली. वाढदिवसाला काय हवं असं विचारलं, तर म्हणाली, "स्कायडायव्हिंग." इकडे अठरा पूर्ण झाली की आईवडिलांची सही लागत नाही, त्यामुळे मुळात विचारलं हीच आमची चूक. बायकोने देव पाण्यात ठेवायची भाषा सुरू केली. मी आयटीतला माणूस, मी माहिती काढायला बसलो.

आम्ही राहतो ते ओहायोतलं डेटन. राइट बंधूंचं गाव म्हणून सगळे ओळखतात, पण पॅराशूटच्या इतिहासातही या गावाचं नाव मोठं आहे. १९१९ साली लेस्ली आयर्विन याने इथल्याच मॅकूक फील्डवर विमानातून उडी मारून, हवेत असताना स्वतःच्या हाताने दोरी ओढून पॅराशूट उघडून दाखवलं. उतरताना त्याचा घोटा मोडला, पण कल्पना सिद्ध झाली. २० ऑक्टोबर १९२२ला हॅरल्ड हॅरिस या लष्करी वैमानिकाचं विमान डेटनवरच हवेत मोडायला लागलं. त्याने उडी मारली आणि तो कुणाच्या तरी मागच्या अंगणातल्या द्राक्षाच्या मांडवात उतरला. हे सगळं मी घरी उत्साहाने सांगितलं. बायकोच्या लक्षात फक्त मोडलेला घोटा आणि मोडलेलं विमान राहिलं.

आमच्या ऑफिसमध्ये एक जुना अमेरिकन सहकारी आहे. तो शनिवार-रविवारी रिगरचं काम करतो, म्हणजे पॅराशूट तपासतो, दुरुस्त करतो आणि बांधतो. माझी धडपड पाहून तो म्हणाला, "शनिवारी लॉफ्टवर ये, डोळ्यांनीच बघ."

उडी मारणाऱ्याच्या पाठीवर एकाच पिशवीत दोन पॅराशूट असतात, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य पॅराशूटची घडी तो स्वतः घालू शकतो. हँगरमधल्या सतरंजीवर गप्पा मारत दहा-पंधरा मिनिटांत लोक ती घालतात. राखीवचं तसं नाही. अमेरिकेच्या कायद्यानुसार ते परवानाधारक रिगरनेच बांधलं पाहिजे, आणि नायलॉनचं असेल तर दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा बांधलं पाहिजे. २००८च्या अखेरीपर्यंत ही मुदत १२० दिवस होती. ते वापरलं गेलं नाही तरीही उघडायचं. एखादं राखीव पॅराशूट वर्षानुवर्षं असंच उघडलं जातं, बांधलं जातं, आणि त्याखाली कधीच कुणी लटकत नाही.

त्या शनिवारी त्याने आधी मालकालाच रिपकॉर्ड ओढायला लावली. स्प्रिंगचं छोटं पायलट च्यूट टुणकन उडालं. मोठं पॅराशूट ओढून बाहेर काढण्याचं काम त्याचं. मग त्याने सगळं कापड टांगून उजेडात कप्पा न् कप्पा पाहिला. प्रत्येक दोरी मुळापासून शेंड्यापर्यंत बोटांतून फिरवली. कापड पूर्ण कोरडं नसेल तर बांधायचंच नाही, असाही नियम आहे. मग जमिनीवर आडवं घालून हवा काढणं, घड्या आणि वर छर्रे भरलेल्या पिशव्यांचं वजन. आपल्या आया-मावश्या पैठणीची घडी घालताना जशा हाताच्या कडेने सुरकुती सरकवत नेतात, अगदी तसा त्याचा हात चालला होता. शेवटचा भाग मात्र कुस्तीचा. उसळणाऱ्या स्प्रिंगवर गुडघा रोवायचा, जाड दोरीने लूप वर ओढायचा, त्यात तात्पुरती पिन घालायची, मग एकेक झाप त्यावर बसवत जायचं आणि दर वेळी पिन काढून पुन्हा वर घालायची. शेवटी रिपकॉर्डची खरी पिन. या तात्पुरत्या पिनांना लांबलचक लाल फिती बांधलेल्या असतात. कारण त्यातली एक जरी आत राहिली, तर वर कुणीतरी जिवाच्या आकांताने रिपकॉर्ड ओढेल आणि पिशवी बंदच राहील.

एवढं झाल्यावर त्याने टेबलावर हत्यारं मांडून मोजली. सुरुवातीलाही मोजली होती. आकडा जुळला. मग पिनेला लाल दोरा, दोऱ्याला शिशाचं छोटं सील, आणि त्यावर चिमट्याने स्वतःची तीन अक्षरी खूण दाबली. कार्डावर तारीख, ठिकाण, सही, परवाना क्रमांक. सगळे मिळून तीन तास लागले.

मी विचारलं, "तीस वर्षं हे करतोयस, अजून हत्यारं मोजावी लागतात?"

"तीस वर्षं झाली म्हणूनच मोजतो," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी लक्ष आपोआप असायचं."

हे वाक्य मला टोचलं, आणि का टोचलं ते इथे लिहितो. २००९ साली मी एका छोट्या कंपनीचे सर्व्हर सांभाळत होतो. रोज रात्री बॅकअप व्हायचा, सकाळी "यशस्वी" असा अहवाल यायचा. महिन्याच्या शेवटी एक यादी असायची, त्यातल्या "बॅकअप तपासला" या ओळीसमोर मी सही करायचो. एके दिवशी डिस्क गेली. बॅकअप उघडला तर आत जवळजवळ काहीच नाही. काही महिन्यांपूर्वी फाइलींची जागा बदलली होती आणि आमची यंत्रणा रोज रात्री इमानेइतबारे एक रिकामा फोल्डर जपून ठेवत होती. त्या कंपनीतल्या वयस्कर अकाउंटंट बाईंनी जुन्या पावत्या शोधून पाच आठवडे आकडे पुन्हा भरले. मी रात्री उशिरापर्यंत बसायचो, तर त्याच मला कॉफी आणून द्यायच्या. मी मूळ बॅकअप एकदाही उघडून पाहिला नव्हता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता नीतीचा प्रश्न निघाला की आपण नेहमी असा विचारतो: कुणी पाहत नसताना माणूस प्रामाणिक राहील का? मला वाटतं, आपल्यासारख्या पापभीरू मध्यमवर्गीयांसाठी हा सोपा प्रश्न आहे. मी अप्रामाणिक नव्हतो. बॅकअप नीट आहे असं मी मनापासून मानत होतो. अडचण तिथेच होती.

विल्यम क्लिफर्ड या इंग्लिश गणितज्ञाने १८७७ साली 'द एथिक्स ऑफ बिलीफ' या निबंधात एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं आहे. जहाज जुनं, शंका घ्यावी असं. पण इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल, अशी मालक स्वतःची समजूत घालतो, आणि मग त्यावर त्याचा खराखुरा विश्वास बसतो. जहाज माणसांसकट बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हा बचाव चालणार नाही, कारण तसा विश्वास ठेवण्याचा हक्कच त्याने कमावला नव्हता. आणि पुढचा मुद्दा जास्त कडक आहे: जहाज बुडालं नसतं तरी तो तेवढाच दोषी. म्हणजे माझी डिस्क कधीच गेली नसती, तरी त्या सह्या खोट्याच होत्या.

आपल्याकडे तपासणी म्हणजे अविश्वास, असं एक समीकरण आहे. आमच्याच मंडळात गणपतीच्या दानपेटीतले पैसे दोघांनी मोजावेत असं कुणी सुचवलं, तेव्हा एक ज्येष्ठ काका दोन महिने रुसले होते! त्यांच्या सचोटीबद्दल कुणालाच शंका नव्हती. पण सचोटी असलेला माणूसही विसरतो, दमतो, त्याचा फोन वाजतो. त्या रिगरचं हत्यारं मोजणं हा स्वतःच्या चांगुलपणाबद्दलचा संशय नव्हे. आपलं लक्ष आपल्याला न सांगता निघून जातं, एवढंच त्याने मान्य केलेलं असतं. गीतेतली फळाची आशा न धरण्याची गोष्टही इथे मला अर्धीच लागू वाटते. त्याला फळ कधीच दिसणार नाही हे खरं, पण प्रत्येक घडीला विचार त्या फळाचाच करायचा आहे. अमेरिकन लष्कराच्या रिगर शाळेत विद्यार्थ्याला स्वतः बांधलेलं पॅराशूट घालून उडी मारावी लागते. भीतीने काम चोख होतंच. पण माझ्या सहकाऱ्याने बांधलेलं पॅराशूट दुसऱ्याच्या पाठीवर जातं.

कुणी म्हणेल, यादी तर तुझ्याकडेही होती, सहीही होती. खरं आहे. मीही बराच काळ याच ठिकाणी अडलो होतो. माझी यादी "नाही" असं उत्तर देऊच शकत नव्हती. अहवाल हिरवा, सही निळी, काम संपलं. त्याची मोजणी "नाही" म्हणू शकते. एकदा त्याचं एक हत्यार कमी भरलं. सील लागलेलं, मालक दारात उभा. त्याने दोरा कापला आणि सगळी पिशवी पुन्हा उघडली. हत्यार टेबलाच्या पायामागे सापडलं. पुन्हा तीन तास. मालक वैतागला, आणि ते स्वाभाविकच होतं, कारण आत काहीच नव्हतं. ते तीन तास वाया गेले का, हे मी माझ्या टीममधल्या तरुण मुलांना विचारतो. बहुतेक जण "नाही" म्हणतात. मग मी विचारतो, शेवटचा बॅकअप उघडून कधी पाहिला होतात?

त्या अकाउंटंट बाई आता निवृत्त आहेत. दर नाताळात त्यांचं कार्ड येतं. लॉफ्टवरून आलो त्या रात्री मी त्यांना पत्र लिहिलं, दोन पानांचं, सह्यांसकट सगळं. आठवड्याने त्यांचा फोन आला. मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ दे, जुनी गोष्ट. त्या म्हणाल्या, "माझ्या मनात आलं होतं. तू कधी सांगतोस याची वाट पाहत होते."

उडीच्या दिवशी आकाश निरभ्र होतं. मुलीला इन्स्ट्रक्टरच्या पुढे बांधलं होतं, तिच्या वाट्याचं राखीव पॅराशूट त्याच्या पाठीवर. मुख्य पॅराशूट नीट उघडलं, ती धावत खाली आली, केस विस्कटलेले, आनंदाने ओरडत. बायको तिच्याकडे धावली. मी इन्स्ट्रक्टरला गाठलं आणि पाठीवरचा झाप जरा उचलून दाखवशील का, असं विचारलं. त्याने हसत उचलला. लाल दोरा शाबूत होता, सीलवर तीन अक्षरं, कुणाची ते मला माहीत नाही.

"बाबा," मागून आवाज आला, "मी इकडे आहे, तू त्याच्या पाठीत काय बघतोयस?"